पेनड्राइव्हची पारख

शेतकऱ्याचें दप्तर पूर्वीं तांबड्या रुमालांत बांधलेलें असे. सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, सोसायटीच्या पावत्या, वांटणीपत्र, मोजणीचा नकाशा हीं सर्व त्या एका गांठोड्यांत राहत, आणि घरचा कर्ता पुरुष तें गांठोडें देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत जपून ठेवी. आज त्या दप्तराचा बराच भाग कागदावरून उतरून संगणकांत गेला आहे. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. २०२१ सालापासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धति सुरू झाली. द्राक्षासारख्या निर्यातीच्या पिकांत फवारणीच्या नोंदी, माती-पाण्याचे अहवाल व प्रयोगशाळेचे दाखले सांभाळावे लागतात. गारपिटीनें बाग झोडपली तर त्या दिवशीं काढलेलीं छायाचित्रें हाच पुढें आधार होतो. हें सर्व जपण्यासाठीं व एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यासाठीं आपल्यापैकीं पुष्कळ जण जें साधन वापरतात तें म्हणजे बोटाएवढा पेनड्राइव्ह होय.

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चालवून पाहतों, जुंपून पाहतों. बियाणें आणलें तर शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात तें मोजल्यावांचून जाणता शेतकरी पेरणीस हात घालीत नाहीं. पेनड्राइव्ह घेतांना मात्र हाच शेतकरी वेष्टनावरचा आंकडा वाचतो, किंमत विचारतो आणि खिशांत टाकतो. वेष्टनावरचा आंकडा हा विकणाऱ्याचा दावा आहे, मोजलेलें माप नव्हे, एवढी एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें थोडक्यांत पाहूं. संगणकास निरनिराळीं उपकरणें जोडण्याची जी युएसबी नांवाची सर्वमान्य जोडणी, ती १९९६ सालीं ठरली. ती सिद्ध करणाऱ्या मंडळींत बडोद्यास शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. पेनड्राइव्ह बाजारांत आला तो २००० सालीं. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंत विकावयास आलेल्या नगांत अवघी ८ एम. बी. जागा होती, म्हणजे आजच्या मोबाइलनें काढलेलीं दोन-तीन छायाचित्रें मावतील इतकी. याच्या पोटांत दोन भाग असतात. एक स्मृतीची चिप; हिच्यांत विजेचे अतिसूक्ष्म भार लहान लहान बंदिस्त कोठ्यांत कोंडून मजकूर ठेवला जातो. दुसरी नियंत्रक चिप. ही कोणता मजकूर कोणत्या कोठींत आहे याचा हिशेब ठेवते व संगणकाशीं बोलते. पहिली म्हणजे कोठार आणि दुसरी म्हणजे कोठावळा असें समजावें.

आतां फसगत कोठें होते पाहा. आपण पेनड्राइव्ह जोडला म्हणजे संगणक कोठारांत उतरून जागा मोजीत नाहीं. तो कोठावळ्यास विचारतो, आणि कोठावळा सांगेल तो आंकडा पडद्यावर दाखवितो. कोठावळ्यास खोटें बोलावयास शिकवितां येतें. आंत ८ किंवा १६ जी. बी. ची चिप बसवून नियंत्रकाकडून १ किंवा २ टी. बी. असें वदविलेला माल बाजारांत सर्रास मिळतो. खऱ्या १ टी. बी. च्या पेनड्राइव्हला कांहीं हजार रुपये पडतात. तोच चार-पांचशें रुपयांत कोणी देऊं लागला, तर त्यानें आपणांवर मेहेरबानी केली असें समजूं नये.

मासल्यासाठीं एखाद्या बागायतदार-गटाचा चिटणीस डोळ्यांपुढें आणावा. त्यानें स्वस्त मिळाला म्हणून १ टी. बी. छापलेला नग आणला. आंत खरी जागा १६ जी. बी. पहिल्या वर्षींच्या नोंदी, पावत्या व छायाचित्रें मिळून पांच जी. बी. भरल्या. सर्व उघडतें, सर्व दिसतें. चिटणिसाचा विश्वास बसला. दुसऱ्या वर्षीं छायाचित्रें वाढलीं, तिसऱ्या वर्षीं व्हिडिओ आले, आणि सोळाची रेघ केव्हां ओलांडली गेली तें त्यालाही कळलें नाहीं. संगणकानें तक्रार केली नाहीं, कारण नियंत्रक प्रत्येक वेळीं ‘लिहिलें’ म्हणूनच सांगत होता. पुढें एखाद्या व्यापाऱ्याशीं मालाच्या प्रतीवरून वाद झाला, किंवा नुकसानीच्या दिवशींचीं छायाचित्रें कोणी मागितलीं, म्हणजे पेनड्राइव्ह जोडावा तों फाइलींचीं नांवें ओळीनें दिसतात, त्यांचे आकारही बरोबर दिसतात. परंतु उघडूं जावें तर आंत कांहीं नाहीं. नांवांची यादी आरंभींच्या भागांत लिहिली जाते आणि तो भाग खरा असतो. मजकूर मात्र नसलेल्या जागेंत टाकलेला असतो. कांहीं बनावट नगांत तर नवा मजकूर जुन्यावरच चढतो, म्हणजे पहिल्या वर्षींचें चांगलें दप्तरही त्याबरोबर जातें. बिघडलेल्या पेनड्राइव्हमधून मजकूर परत काढून देणारे कुशल कारागीर शहरांत आहेत. पण जो मजकूर कधीं कोठें लिहिलाच गेला नाहीं, तो कोण परत आणणार?

याकरितां पेनड्राइव्ह आणल्यावर त्याच दिवशीं, एकही महत्त्वाचा कागद त्यांत ठेवण्यापूर्वीं, त्याची उगवणशक्ति तपासावी. रीति सोपी आहे: सगळी जागा भरावी आणि भरलेलें सगळें परत वाचून पाहावें. हें काम आपोआप करणारे फुकट मिळणारे कार्यक्रम आहेत. विंडोजवर चालणारा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा जर्मनींतील एका संगणक-मासिकाच्या मंडळींनीं केलेला कार्यक्रम पुष्कळ वर्षें वापरांत आहे. लिनक्सवर एफ-थ्री नांवाचा आहे. हे कार्यक्रम ठराविक नमुन्याच्या फाइली लिहून पेनड्राइव्ह कांठोकांठ भरतात, मग प्रत्येक फाइल वाचून लिहिलेलें तेंच परत आलें कीं नाहीं हें ताडून पाहतात, व शेवटीं किती जागा खरी व किती खोटी याचा स्पष्ट हिशेब देतात. घरांत कोणी कॉलेजांत जाणारा मुलगा वा मुलगी असेल तर हें काम त्यांजकडे सोंपवावें. कार्यक्रम मिळवितां आला नाहीं तरी अडत नाहीं. मोठमोठे व्हिडिओ निरनिराळ्या नांवांनीं पुन्हा पुन्हा नकलून पेनड्राइव्ह भरावा, तो काढून पुन्हा जोडावा, आणि पहिले, मधले व अगदीं शेवटचे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावे. नुसतीं नांवें दिसलीं म्हणून समाधान मानूं नये. कां, तें वर सांगितलेंच आहे.

या तपासणीस वेळ लागतो. साधारण पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एम. बी. लिहितो असें धरलें तर ३२ जी. बी. भरण्यास पाऊण ते एक तास लागेल, आणि वाचून पाहण्यास आणखी कांहीं वेळ. त्याच वेगानें १ टी. बी. भरावयाची तर एक लक्ष सेकंद, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास हवेत. इतका वेळ सहसा कोणी काढीत नाहीं, व वस्तु परत करण्याची मुदत निघून जाते. मोठ्या आंकड्याच्या खोट्या मालाचा धंदा चालतो तो बराचसा यामुळेंच.

एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. ३२ जी. बी. चा अस्सल पेनड्राइव्ह जोडला असतां विंडोज २९ च्या आसपास आंकडा दाखवितें, आणि कांहीं जण दुकानदाराशीं भांडावयास जातात. येथें दुकानदाराचा दोष नाहीं. कारखानदार एक जी. बी. म्हणजे शंभर कोटि बाइट असें माप धरतो. विंडोज १०२४ च्या पटीनें मोजतें, म्हणून तिच्या हिशेबानें एक जी. बी. सुमारें १०७ कोटि ३७ लक्ष बाइटांची होते. कच्चा मण आणि पक्का मण यांतला हा फरक आहे. ६४ च्या नगास साठाच्या किंचित् आंत व १२८ च्या नगास एकशें एकोणिसाच्या आसपास आंकडा दिसला तर चिंता करूं नये.

किती जागेचा घ्यावा? आमचें मत असें कीं, शेतकऱ्यानें मोठ्या आंकड्याच्या मोहांत पडूं नये. मोबाइलचें एक छायाचित्र चार एम. बी. चें धरलें तर ३२ जी. बी. मध्यें सुमारें आठ हजार छायाचित्रें मावतात. नुसते कागद असतील तर एका कुटुंबाचें दोन पिढ्यांचें दप्तर त्यांत बसून जागा उरेल. १२८ जी. बी. चा एक घेण्यापेक्षां त्याच सुमाराच्या पैशांत ३२ किंवा ६४ चे दोन घ्यावे. एक हरवला, भिजला किंवा मेला तरी दुसरा राहतो, आणि लहान नगाची पूर्ण तपासणी एका दुपारीं उरकते. व्हिडिओ फार काढणारांची गोष्ट वेगळी.

कोणाचा घ्यावा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. स्मृतीच्या चिप्स तयार करणारे कारखानदार जगांत मोजके आहेत; सॅमसंग, तसेंच पूर्वींची तोशिबाची शाखा व २०१९ पासून किओक्सिया हें नांव धारण केलेली जपानी कंपनी हीं त्यांतील प्रमुख नांवें. सॅनडिस्क हिची चिप्सच्या निर्मितींत किओक्सियाशीं भागी आहे. किंग्स्टनसारखी कंपनी स्वतः चिप्स करीत नाहीं, परंतु दुसऱ्यांच्या पारखून घेते. अशा घरांच्या साध्या, कमी जागेच्या नगास कांहीं शें रुपयेच पडतात. तेव्हां नांव नसलेला माल घेऊन वांचतें तें फार थोडें. कारखान्याच्या तपासणींत हलक्या प्रतीच्या ठरलेल्या चिप्स कोठें ना कोठें खपवाव्या लागतात, आणि त्या बहुधा नांव नसलेल्या मालाच्या पोटांत जातात. सभासमारंभांत कंपनीचें चिन्ह छापून फुकट वांटलेले पेनड्राइव्ह याच जातीचे समजावे. ट्रॅक्टरवर गाणीं लावण्यास ते उत्तम. गाणीं गेलीं तर नांगरट अडत नाहीं.

हलक्या व चांगल्या मालांत आणखी एक भेद आहे. आरंभीं एका कोठींत एकच अंक ठेवीत. अशी कोठी सुमारें एक लाख वेळां पुसून लिहितां येई. पुढें स्वस्ताईसाठीं त्याच कोठींत तीन-तीन, चार-चार अंक ठेवूं लागले. तीन अंकांची कोठी हजार ते तीन हजार वेळांच्या घरांत टिकते, चार अंकांची त्याहून कमी. आपण कांहीं एक पेनड्राइव्ह हजार वेळां भरून रिकामा करणार नाहीं, म्हणून या आंकड्यांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. भय आहे तें गळतीचें. कोंडलेला विजेचा भार काळानें हळूहळू झिरपून जातो, आणि उष्णतेनें अधिक लवकर जातो. यास्तव पेनड्राइव्ह हें नेण्या-आणण्याचें साधन आहे. दहा वर्षें कपाटांत ठेवून विसरण्याचें पेंव तें नव्हे.

खरेदी शक्यतों जिल्ह्याच्या गांवीं, संगणकाच्या जुन्या व स्थिर दुकानांतून, छापील पावती घेऊन करावी. नामांकित घरांच्या नांवाचाही बनावट माल असतो. म्हणून वेष्टन नीट वाचावें. बंद वेष्टनांतील मालाविषयीं २०११ सालचे जे नियम आहेत त्यांप्रमाणें उत्पादकाचें किंवा आयात करणाराचें नांव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीचा दूरध्वनि हीं वेष्टनावर असावयास पाहिजेत. हें कांहींच नसलेला, नुसत्या पारदर्शक पिशवींतला नग आठवड्याच्या बाजारांत मिळतो. तो तेथेंच राहूं द्यावा. घरबसल्या मागवावयाचा असल्यास संकेतस्थळाचें नांव मोठें आहे एवढ्यावर भिस्त ठेवूं नये. तेथें प्रत्यक्ष माल विकणारा निराळा असतो, त्याचें नांव खालीं बारीक अक्षरांत असतें. तें कंपनीचें स्वतःचें किंवा तिनें नेमलेल्या विक्रेत्याचें आहे कीं नाहीं हें पाहावें. तपासणींत नग खोटा निघाला तर हिशेबाचा पडदा छायाचित्रांत धरून पावतीसह वस्तु परत करावी. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-केंद्र आहे. पुष्कळ चांगल्या कंपन्या कांहीं वर्षांची हमी देतात. मात्र त्या हमीनें नवा पेनड्राइव्ह मिळतो, गेलेलें दप्तर मिळत नाहीं. शिवाय बिघडलेला नग परत पाठविला म्हणजे आपले कागद परक्याच्या हातीं जातात, याचाही विचार करावा.

वेगाच्या बाबतींत वेष्टनावर फार गोंधळ असतो. २.० ही जुनी व मंद जोडणी, ३.० ही २००८ सालची जलद जोडणी, ३.१ जेन १ व ३.२ जेन १ हीं त्या ३.० चींच मागाहून ठेवलेलीं नांवें आहेत, त्यांस अधिक पैसे मोजूं नयेत. मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग पुष्कळ कमी असतो व तो छापलेला नसतो. कागदपत्रांच्या कामास कोणताही चालेल. मोबाइलवरील छायाचित्रें थेट उतरवून घ्यावयाचीं असतील तर एका टोंकास संगणकाची रुंद खूण व दुसऱ्या टोंकास मोबाइलची लहान खूण असलेला दुतोंडी नग घ्यावा. हा सोयीचा आहे. शरीर धातूचें बरें. अगदीं नखाएवढे नग लवकर तापतात आणि त्याहून लवकर हरवतात. निघून येणारें टोंपण पहिल्या आठवड्यांतच जातें, म्हणून टोंपण नसलेला घ्यावा, पण मग तो डबींत ठेवावा. तोंडांत माती गेलेला पेनड्राइव्ह संगणकाचीही जोडणी खराब करतो.

कधीं कधीं जागा असूनही मोठी फाइल घेण्यास पेनड्राइव्ह नकार देतो. फॅट-३२ या जुन्या मांडणींत चार जी. बी. एवढी किंवा तीहून मोठी फाइल राहूं शकत नाहीं, हें त्याचें कारण. एक्सफॅट मांडणी केली म्हणजे अडचण दूर होते. मात्र ट्रॅक्टरवरचीं कांहीं गाण्याचीं यंत्रें व कांहीं यंत्रांचे पडदे फॅट-३२ च वाचतात. मांडणी बदलतांना आंतील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून हें काम नग नवा असतांनाच करावें.

वापराविषयीं पुष्कळ लिहितां येईल. पण सर्वांत मोठा धोका छपाईच्या दुकानांत असतो. दिवसभर शेंकडों पेनड्राइव्ह त्या एका संगणकास लागतात, आणि एकाचा रोग सर्वांस जडतो. २०१० सालीं उघडकीस आलेला स्टक्सनेट नांवाचा रोग इराणांतील नातान्झच्या अणु-कारखान्यांत शिरला; तेथील यंत्रें बाहेरच्या जाळ्यास जोडलेलीं नव्हतीं, तरी युएसबी उपकरणाच्या वाटेनें तो पोहोंचला असें तज्ज्ञ मानतात. गांवच्या दुकानांतला रोग इतका पराक्रमी नसतो. तो आपले फोल्डर लपवून त्यांच्या जागीं त्याच नांवाचे शॉर्टकट ठेवतो, आणि घरीं येऊन त्यांवर टिचकी मारली कीं घरचा संगणक बाधतो. म्हणून दुकानांत नेण्याचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा. त्यांत त्या दिवशीं छापावयाची फाइलच असावी; आधारची प्रत, बँकेचें पुस्तक, वांटणीपत्र असलें कांहीं नसावें. छापून झाल्यावर दुकानाच्या संगणकांत आपली प्रत राहिली असेल तर ती आपल्यासमोर पुसावयास लावावी, व आपला नग घरीं आल्यावर विषाणु-तपासणी केल्याशिवाय उघडूं नये. लिहिणें चालू असतां, म्हणजे दिवा लुकलुकत असतां, नग ओढून काढूं नये; संगणकास ‘काढतों’ असें सांगून मग काढावा. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून मोठ्या नकला भरलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवरच कराव्या. जीपच्या पुढच्या फळीवर, उन्हांत, पेनड्राइव्ह ठेवणें म्हणजे वर सांगितलेल्या गळतीस आमंत्रण देणें होय.

आतां दप्तराची व्यवस्था. एक प्रत संगणकांत, दुसरी घरांतल्या पेनड्राइव्हवर, आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे शहरांत राहणाऱ्या मुलाकडे, लेकीकडे किंवा बँकेच्या कपाटांत असावी. घरास आग लागली वा पूर आला तर पहिल्या दोन एकदमच जातात, हें २०१९ च्या पुरांत सांगली-कोल्हापूरकडील लोकांनीं पाहिलें आहे. दिवाळींत नव्या वह्या घालण्याच्या दिवशीं घरचा पेनड्राइव्ह जोडून त्यांतील चार-दोन फाइली उघडून पाहाव्या आणि सर्व मजकूर संगणकावर घेऊन पुन्हा ताजा लिहावा. त्यानें कोंडलेला भारही नवा होतो. कोणता नग कोणत्या दुकानांतून कोणत्या दिवशीं घेतला, तपासणींत खरी जागा किती निघाली, शेवटची नक्कल केव्हां केली, हें त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावें. पेनड्राइव्हला परवलीचा शब्द घातला असेल तर तो मात्र त्या पानावर लिहूं नये. तो घरांतील आणखी एका माणसास, बायकोस किंवा थोरल्या मुलास, तोंडपाठ असावा, आणि ती वही कोठें असते हेंही त्यास ठाऊक असावें.